काचेमागचा सडवा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा माझ्या रूम पार्टनरचे काका परदेशातून सुट्टीवर आले. ते मूळचे नारायण पेठेतले, पण वीस वर्षं बाहेर. सुट्टीत गावोगाव फिरायचं आणि त्या त्या गावात तयार होणारी बिअर, तिच्यासोबतचं खाणं चाखायचं, हा त्यांचा छंद होता. बंगळूर आणि गोवा करून ते पुण्यात पोचले होते. पुण्यात तेव्हा काही पब स्वतःची बिअर स्वतःच बनवायला लागले होते. "तुझ्या त्या मित्रालाही घे," असं ते पुतण्याला म्हणाले. मला नाही म्हणायला जमलं नाही.

मी भंडाऱ्याकडचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. मला आत्याने वाढवलं. आत्या काय करते असं वाघोलीच्या हॉस्टेलवर कोणी विचारलं, तर मी "शेती" म्हणून सांगत असे. थोडी शेती होतीही. पण आत्या मोहाची दारू काढायची. मोहफुलं मडक्यांत भिजवून ती मडकी नाल्याकाठी पुरून ठेवायची. आंबत पडलेल्या त्या फुलांना सडवा म्हणतात. अधूनमधून पोलीस येत, काठ्यांनी मडकी फोडत, आणि शेजारी दारं लावून घेत. माझी पुस्तकं, माझा पहिला शर्ट, सगळं त्या मडक्यांतून आलं होतं. चार वर्षं मी हे कोणाला कळू दिलं नव्हतं, आणि राहिलेले काही महिनेही कळू द्यायचं नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही मुंढव्याकडच्या त्या पबमध्ये गेलो. दारावरच्या माणसाने माझं ओळखपत्र घेऊन जन्मतारीख पाहिली आणि "या सर" म्हणाला. मला सर म्हणणारा तो पहिला माणूस असावा.

आत गेलो आणि उभाच राहिलो. आमच्याकडे पिणारा माणूस पडद्याआड बसतो आणि बाहेर पडताना रस्त्याकडे बघत नाही. इथे पडदा कुठेच नव्हता. भरपूर ऊन आत येत होतं. एका टेबलावर आजोबा, सून आणि नातू बसले होते. आजोबांसमोर बिअर होती, नातवासमोर बटाट्याचे काप. पलीकडे पूर्ण भिंतच काचेची, आणि काचेमागे माणसापेक्षा उंच तांब्याच्या आणि स्टीलच्या टाक्या. त्यांच्यावर खास दिवे सोडले होते. फरशी इतकी स्वच्छ, की आमच्या तालुक्यात तशी मी फक्त ऑपरेशनच्या खोलीत पाहिली होती. लोक काचेजवळ जाऊन फोटो काढून घेत होते.

तेवढ्यात काचेतलं दार उघडून कोणीतरी बाहेर आलं, आणि त्याच्यामागून वास आला. आंबूस, गोडसर, ओला. मी डोळे मिटले असते तर नाल्याकाठी असतो.

"काय रे, बरं वाटत नाही का?" काकांनी विचारलं.

"नाही, छान आहे," मी म्हणालो.

भोकं पाडलेल्या लाकडी फळीत सहा छोटे ग्लास आले. एकेका चवीचा एकेक. काकांनी खिशातून वही काढली. सोबत ज्वारीच्या भाकरीचे तळलेले तुकडे होते आणि बोटभर ठेचा.

"एवढा ठेचा आमच्याकडे पाट्यावर चिकटून राहतो," पार्टनर म्हणाला. "सोबत भिंगही द्यायला हवं होतं."

"तू खा रे, भाषण नको," काका म्हणाले आणि त्यांनी गव्हाच्या बिअरचा ग्लास माझ्या हातात दिला. "तू सुरुवात कर. यात संत्र्याची साल आणि धणे आहेत म्हणतात. सांग बघू, लागतात का."

मी आयुष्यात पहिल्यांदाच पिणार होतो. लक्ष सगळं त्या टाक्यांकडे होतं. हाताने काय केलं ते मला नंतर कळलं. मी ग्लासात बोट बुडवलं आणि दोन थेंब खाली जमिनीवर शिंपडले.

पार्टनर खाली बघायला लागला. "माशी होती का?"

"नाही."

"मग? फरशीलाही चाखायला दिलीस?"

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही पद्धत आहे कुठलीतरी. कोणाची?"

"आमच्याकडची. नवी काढली की पहिले थेंब जमिनीला देतात. मग कोणी प्यायचं."

"काढली की, म्हणजे? घरी कोण काढतं?"

गावात कोणीतरी काढतं, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. ते शब्द तोंडापर्यंत आलेही. पण समोर त्या टाक्या होत्या, त्यांच्यावर दिवे होते, आणि माणसं त्यांच्यासोबत फोटो काढत होती. आत्याला मी अजून कुठल्या झुडपात लपवणार होतो?

"माझी आत्या," मी म्हणालो. "मोहाची. शेती नावालाच आहे."

माझे कान तापले होते. मग पार्टनर म्हणाला, "म्हणजे घरात एवढी विद्या असताना तू चार वर्षं मेसचं ताक पीत बसलास?" आणि त्याने ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. त्याच्या परीने तो बरंच काही बोलला होता.

काकांनी वेटरला सांगून बिअर बनवणाऱ्यालाच बोलावलं. गमबूट घातलेला, पस्तिशीचा माणूस. पूर्वी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता, नोकरी सोडून हे शिकला. काकांनी त्याला माझ्याबद्दल सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. तो म्हणाला, "आत या ना. आपल्याला दाखवतो." मला, आपल्याला.

काचेच्या आत एका टाकीतून नळी निघून पाण्याच्या बादलीत सोडली होती. आत बिअर आंबत होती, तिच्या वायूचे बुडबुडे पाण्यात फुटत होते. तो म्हणाला, "आम्ही रोज मोजमाप घेतो. तुमच्या आत्याबाई मोजमाप नसताना कसं ओळखतात, आंबून झालंय म्हणून?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्याजवळ राहून मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आत्या, सडवा झाला ते तुले कसं समजते?"

पलीकडून दबका आवाज आला. "काहून? कोन इचारून रायला? पोलिसवाला हाये का तुह्याजवळ?"

"नाही वं. इथं बनवतात. मोठ्या टाक्या आहेत. त्यांनाच विचारायचं आहे."

"माहं नाव नोको सांगू, बाबू."

बिअरवाल्याने हात पुढे केला, मी फोन दिला. "नमस्कार, आत्याबाई. मीही हेच काम करतो. मला शिकायचंय म्हणून विचारतोय."

तिच्या कामाबद्दल आजवर फक्त काठी घेतलेल्या माणसांनी विचारलं होतं.

"मडक्याले कान लावाचा," ती म्हणाली. "बोलते ते. बोलनं बंद झालं, का समजाचं, झालं."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. तो गुडघ्यांवर बसला आणि फोन पाण्याजवळ धरला. बुडबुडे फुटत राहिले. काचेपलीकडे काका आणि पार्टनर उभे होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, तरी दोघे काचेला नाक लावून बघत होते.

"आयकलं," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज दबका नव्हता. "लय घाई नोको करू म्हना त्याले. आनखी दोन दिस बोलू द्या."