करंगळीवर तोललेला बूट

चाचा बूट आधी बघायचे नाहीत, तोलायचे. शहाद्याच्या बाजारात चपला-बूट शिवायचं त्यांचं एवढंसं दुकान. आलेला प्रत्येक बूट ते करंगळीला लटकवायचे, डोळे मिटायचे आणि मगच कुठं फाटलाय ते विचारायचे. करंगळी दुखली की म्हणायचे, "भाऊ, हाऊ बूट शे का नांगर?"

मी आमच्या ब्राह्मणपुरी गावाहून तोरणमाळला पायी जायचं जाहीर केलं. जाहीर केलं हीच चूक! साखर वाढली होती, डॉक्टर 'चाला' म्हणाले होते. मी एकदम डोंगरच धरला. डोंगराला शोभतील असे जाड चामड्याचे बूट चाचांकडून हट्टानं शिवून घेतले. "इतला जड कसाले?" त्यांनी दोनदा विचारलं. पण शिवले मात्र असे, की गावात लोक माझ्या तोंडाऐवजी पायांकडेच बघू लागले.

घाट सुरू होईतो दोन्ही टाचांचे फोड फुटले. बूट मांडीवर घेऊन, कुणाच्या तरी जीपमधून मी परत आलो. पुढं जो भेटेल तो विचारी, "काय भाऊ, तोरणमाळ कसं शे?" लाजेनं मी चाचांच्या गल्लीतून जाणंच सोडलं.

शेवटी त्यांनीच निरोप धाडला. गेलो तर म्हणाले, "पाय दखाड." टाचा अंगठ्यानं चाचपून बघितल्या. मग हळूच, "चूक मन्ही शे." हट्ट माझा, आणि चूक म्हणे त्यांची!

आणि उठलेच. दुकान तसंच उघडं टाकून मला समोरच्या बुटांच्या दुकानात ओढत नेलं. तिथं ते जन्मात कधी गेले नव्हते. दुकानदार बघतच राहिला. अख्खी मांडणी करंगळीवर तोलून चाचांनी एक पोपटी, एकदम हलका बूट काढला.

"अहो चाचा, हे पळायचे बूट! पुन्हा गेलो तर मला दोन दिवस डोंगर चढायचाय."

"डोंगर जड शे ना? मंग बूट कसाले जड पायजे?"

"आणि हे फाटले तर शिवताही येत नाहीत. सगळे असलेच घालायला लागले तर तुमच्याकडे येणार कोण?"

चाचा हसले. "कोनी नही. पन तू तं पोचशी ना?"

पोचलो! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तोरणमाळच्या तलावाकाठी, एकही फोड न येता. पहिला फोन चाचांना केला, हे बायकोनं अजून माफ केलेलं नाही. वाटेत काट्यानं बुटाची जाळी फाटली होती. परत आल्यावर न शिवता येणारा तो बूट चाचांनी अख्खी दुपार मांडीवर घेऊन बारीक दोऱ्यानं शिवला.

यंदा चाचा गेले. पोपटी बुटांचे तळ पार गुळगुळीत झालेत, बायको रोज फेकायला सांगते. नवा जोड आणलाय, त्याच दुकानातून, करंगळीवर तोलून. जुना मात्र फेकवत नाही. त्याचं सगळं झिजलं, पण चाचांची शिवण काही उसवलेली नाही.