चढाई चालू असताना लसूण सोलणारे सासरे

चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे ढुंकूनही न बघणारा या जगात एकच प्रेक्षक असेल, तर ते आमचे सासरे. त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय खरा, पण एक गोष्ट आधीच कबूल करतो. चूक माझी होती, ती त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली. हे शेवटी सांगितलं असतं तर जास्त रंगलं असतं, पण तोवर तुम्ही मला सज्जन समजत राहिला असता आणि ते मला झेपलं नसतं.

सासरे कराडकडचे. दिवसा वीज खात्यात नोकरी, संध्याकाळी कबड्डी, आणि कबड्डीत आयुष्यभर डावा कोपरा. चढाई करणाऱ्याचा घोटा धरायचा आणि साथीदार अंगावर येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच काम त्यांनी केलं. फोटो मात्र कायम चढाई करणाऱ्यांचे निघाले. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला काही महिने राहायला आले. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा अमेरिकन राहतो. तो इथल्या लष्करी तळावर नोकरीला आला आणि मग इथलाच झाला. त्याने एका शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांना अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल दाखवला. अंड्यासारखा चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि एकमेकांच्या अंगावर धडाधड जाणारी पोरं. सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले, "जावईबापू, ही तर कबड्डीच! नुसता एक चेंडू जास्तीचा आहे."

त्या दिवसापासून शनिवार त्यांचा झाला. पण बघण्याची रीत वेगळी. ज्या संघाची बाजू घेतली त्याच्याकडे चेंडू आला, की हे उठून स्वयंपाकघरात जायचे आणि लसूण सोलत बसायचे. बाहेर अमेरिकन आनंदाने सोफा बडवतोय आणि आमचे सासरे पाकळीचं साल काढतायत. चेंडू समोरच्या संघाकडे गेला की मी हाक मारायची, "बाबा, बचाव आला!" तसे हात पुसत यायचे, पुढे सरकून बसायचे आणि पहिली पकड झाली की ओरडायचे, "गेनाऊ!" गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर; जर्मन भाषेतला हा एकच शब्द त्यांना पसंत पडला होता आणि तो त्यांनी फक्त बचावासाठी राखून ठेवला होता. आमच्याकडे इतका लसूण सोलला जायचा, की बायको तो डब्या भरभरून शेजाऱ्यांना वाटायची.

पुढे त्यांनी जुने सामनेही इंटरनेटवर शोधून बघितले आणि या खेळाचा सगळा इतिहास चार काळांत बसवला: चिखलाचा काळ, धावण्याचा काळ, फेकण्याचा काळ आणि घाईचा काळ. "चिखलात चामड्याच्या टोप्या घालून खेळायचे तेव्हा जो पाय रोवून उभा राहिला तो जिंकला," ते मला समजावायचे. "मग पळणारे आले, तेव्हा साखळी न तोडणारे जिंकले. मग लांब फेकणारे आले, तर मागची पोरं चपळ झाली. आता श्वास घ्यायला उसंत नाही, गुण नुसते पावसासारखे पडतात. आता काय करायचं? थोडं थोडं जाऊ द्यायचं आणि उंबऱ्यात अडवायचं. आणि दमले की बदलायला तेवढीच तगडी दुसरी फळी हवी. चढाई दरवेळी नवा शर्ट घालून येते हो. करंडक नेणाऱ्या संघाचा बचाव तेवढा बघा."

"पण बाबा, गुण तर चढाईवालेच करतात ना?" मी एकदा म्हणालो.

"आणि ते शिकतात कुणाशी खेळून? रोज सरावात समोर आपलाच बचाव असतो. तिथे आठवडाभर मार खाल्लेल्या पोराला शनिवारी कसली भीती?"

आमची लेक मात्र हे सगळं कान देऊन ऐकायची. ती इथल्याच विद्यापीठात शिकते आणि तिथल्या फ्लॅग फुटबॉलच्या संघात खेळते. यात कुणाला पाडायचं नसतं. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला फडकी, आणि पळणाऱ्याचं फडकं ओढलं की पकड झाली. आमची लेक सगळ्यात मागे, शेवटची. आजोबा मराठीत शिकवायचे, ती जर्मनमध्ये प्रश्न विचारायची आणि दोघांचं उत्तम जमायचं. "डोळे फसवतील, खांदे फसवतील," ते दिवाणखान्यात वाकून दाखवायचे, "तू कमरेकडे बघ, बाळा." ती सामन्यात भराभर फडकी ओढायची आणि मैदानाबाहेरून मराठमोळा "गेनाऊ" ऐकू यायचा.

आता माझा पराक्रम. मी तिच्या सामन्याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. मुंबईच्या आत्याने लिहिलं, "छानच! पण तिला बॉल कधी देतात?" एवढ्याशा वाक्याने मला झोंबलं. पुढच्या सरावाच्या वेळी मी तिच्या ट्रेनरला पार्किंगमध्ये गाठलं आणि म्हणालो, मुलगी चपळ आहे, तिला पुढे खेळवून बघा, घरच्यांची इच्छा आहे. माणूस सरळ. त्याने सगळ्यांसमोर तिला सांगितलं, तुझ्या घरच्यांना तू चढाईत हवी आहेस, आल्झो, तर मग पुढच्या सामन्यात करून बघू. तिला हो म्हणावं लागलं. तिच्या हातून चेंडू सुटले, मागची तिची जागा उघडी पडली, तिथूनच समोरचे पळाले आणि संघ हरला. मागे आता दुसरीच मुलगी उभी राहू लागली.

घरी आल्यावर तिने बूटसुद्धा काढले नाहीत. मैदानाच्या कडेला उभं राहून ट्रेनरला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सल्ले देणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, म्हणून बचावाचं वेड असूनही संशय त्यांच्यावरच गेला. "आजोबा, तुम्ही बोललात ना त्याच्याशी? वारूम? का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोनमध्ये बघत होतो. तेवढ्यावरून ते समजले. "चुकलं, बाळा," ते म्हणाले.

लेक त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्यांचा व्हिसा संपत आला होता. असाच अबोला ठेवून ते कराडला गेले, तर पुढची भेट कधी, कुणी सांगावं? हे सगळं मला कळत होतं आणि मी रोज "उद्या सांगू" म्हणत होतो. मग एका शनिवारी ते एकटेच सामना बघत बसले होते. त्यांच्या संघाकडे चेंडू आला, आणि सासरे उठले नाहीत. चढाई सुरू झालीय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते मला बघवेना.

मी तसाच लेकीच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. "पापा, एर्स्ट येत्स्ट? आत्ता सांगतोस?" एवढंच म्हणून ती माझ्या अंगावरून बाहेर गेली आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ट्रेनरकडे तिच्याबरोबर मीही गेलो. मागची जागा तिला लगेच मिळाली नाही, काही सामने बाहेर बसावं लागलं. माझ्याशी ती बऱ्याच दिवसांनी नीट बोलली.

सासरे आता कराडला असतात. शनिवारी लेक व्हिडिओ कॉल लावून फोन टीपॉयवर टेकवून ठेवते आणि दोघं मिळून सामना बघतात. चढाई आली की फोनमधली खुर्ची रिकामी होते आणि इकडे मी उठून लसूण घेतो.

ही सवय मला लागली ती, लेकीपाशी सगळं कबूल केलं त्याच शनिवारी. लेक आजोबांच्या शेजारी येऊन बसल्यावर पुन्हा त्यांच्या संघाकडे चेंडू आला, आणि या वेळी ते उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी एक गड्डा माझ्याकडे सरकवला. मी दोन पाकळ्या सोलल्या.

"बाबा, चूक मी केली आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. मी समोर बसून बघत राहिलो. मला माफ करा."