सतरंजीवरचा हिमालय

माझा थोरला भाऊ हिमालयात रस्ते बांधण्याच्या कामावर होता. एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. पुष्कळ शोधूनही देह मिळाला नाही. पुण्यात कसब्यातल्या आमच्या घरी त्याच्या कचेरीतले एक साहेब येऊन तसं सांगून गेले.

देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. वडिलांनी गुरुजींना विचारून ठेवलं होतं. आई ऐकेना. "गवत कशाला जाळायचं?" म्हणायची. "तो तिथं आहे. डोंगर काही उठून जात नाही." नातेवाईक समजवायला आले. त्यांना तिनं चहा दिला, उत्तर दिलं नाही. अशानं त्याला गती मिळायची नाही, असं मावशी म्हणाली, तर आई म्हणाली, "बसू दे त्याला जरा. फार राबला." वडील रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन उभे राहत आणि अंधार पडला की आत येत.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत असे. पृथ्वी निवत गेली, आकसली आणि तिला सुरकुत्या पडल्या, ते डोंगर, असं आम्ही शिकलो होतो. आता नव्या पुस्तकात सरकणाऱ्या भूपट्टांचा धडा आला होता. तो आधी मलाच पटायला हवा होता. म्हणून एका रविवारी दुपारी मी सतरंजी पसरली, एक टोक भिंतीला टेकवलं आणि दुसरीकडून ढकलायला लागले. भिंतीपाशी घड्या उभ्या राहिल्या, एकीवर एक चढली.

आई तांदूळ निवडत होती. "हे काय आता?"

भिंत म्हणजे आशिया, सतरंजी म्हणजे आपण, असं मी सांगितलं. मध्ये समुद्र होता. आपण उत्तरेला सरकत गेलो, समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचा गाळ चेपून वर आला, तो हिमालय. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामावर त्याच समुद्रातल्या जिवाचा ठसा आहे.

"आणि आपला सह्याद्री?"

"त्याचं वेगळं. लाव्हाचे थर साचले, पश्चिमेकडची जमीन तुटून गेली, आपला कडा राहिला."

"म्हणजे झालं सगळं करून."

"कुठलं? आपण अजून ढकलतोय. हिमालय अजून चढतोय आणि ढासळतोय. म्हणून तर तिथं दरडी..." पुढचं मी गिळलं.

आईचा हात ताटातच थांबला. "डोंगरसुद्धा जागेवर नाही म्हणजे," एवढंच म्हणाली आणि ताट तसंच टाकून उठली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचीच चीडही आली. धरून बसायला तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.

काही दिवस गेले. मग एका सकाळी माझी वेणी घालता घालता तिनं विचारलं, "आपण कुठल्या दिशेला सरकतो म्हणालीस?"

"उत्तरेला."

"सगळं पुणं?"

"सगळं. कात्रजच्या डोंगरासकट."

"म्हणजे तो जिथं आहे, ते जवळ येतं?"

मी विचार करून उत्तर दिलं. तिला खोटं चाललं नसतं. "येतं. वर्षाला बोटाच्या पेराएवढं."

"पुरे," ती म्हणाली आणि वेणी घट्ट बांधली. वडील अंघोळीहून आल्यावर तिनं सांगितलं, "अहो, गुरुजींना बोलवा." पुतळ्याला घालायला तिनं स्वतः त्याचा सदरा काढून दिला.

त्यानंतर ती खूप वर्षं जगली. बद्री-केदारला चला, असं कुणी म्हटलं की "निघालेय," म्हणायची. लोकांना वाटे, म्हातारी थट्टा करते.

शेवटच्या आजारात तिनं मला जवळ बसवून घेतलं. "माझ्या अस्थी नदीत सोडू नकोस. नदी पूर्वेला जाते. इथल्याच मातीत ठेव."

नातेवाइकांनी नाकं मुरडली. मी कारण सांगितलं नाही. कात्रजच्या उतारावर खणायला घेतलं, तर हातभरावरच काळा कातळ लागला. त्यावर आईला ठेवलं आणि माती ओढली. ती अजून जातेच आहे त्याच्याकडे, वर्षाला पेरभर.