पदराचं टोक

शेवंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी साताऱ्यात रेशनच्या कापडासाठी रांगेत उभी होते. ताप साधाच वाटला होता. सकाळी निघताना तिनंच अंथरुणावरून सांगितलं होतं, "आक्का, कापड मिळालं तर आदी सासूबाईंना घ्या." मी रांग सोडली आणि मिळेल त्या गाडीनं गावी आले.

ती माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली त्याच वर्षी मामंजी माडीच्या जिन्यावरून कोसळले, आणि ही खांबाला धरून खदाखदा हसत सुटली. घर पाहुण्यांनी भरलेलं, नवी सून हसतेय... आम्हाला मान वर करता येईना. पुढं कळलं, तिचं असंच होतं. भीती वाटली, दुःख झालं की तिला हसू फुटायचं आणि आनंद झाला की रडू. धाकटे भाऊजी पलटणीतून रजेवर आले की ही चुलीपुढं बसून डोळे पुसायची. सासूबाई म्हणायच्या, "ही हसाय लागली की माज्या पोटात गोळा येतोय. कुठं काय पडलं-झडलं ते बघा आदी!" त्यावर आम्ही सगळ्या हसायचो. ती मात्र तेव्हा घागर उचलून पाण्याला जायची.

मग तिची आई वारली. माहेर कवठे महांकाळचं. मिरजेला गाडी बदलून आम्ही दोघी गेलो. वेशीपाशी तिनं माझा दंड घट्ट धरला.

"आक्का, मला हसू येतंय वं."

"पदर तोंडात धर," मी म्हटलं. "दाताखाली. सोडू नकोस."

तिनं धरला. आई गेली त्या जागी पिठावर दिवा तेवत होता. भोवतीच्या बायकांनी तिला गळ्याशी घेऊन हेल काढला. तिचं अंग गदगदत होतं, सगळ्यांना वाटलं हुंदके आहेत. तेवढ्यात तिचा भाऊ पुढं आला, "शेवंते, आई गेली गं..." म्हणाला, आणि तिला 'दादा' म्हणायचं होतं म्हणून पदर सुटला. ते हसू साऱ्या आळीनं ऐकलं.

"आई मेली आन् तुला दात काढाय सुचत्यात व्हय? पुन्यांदा ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगंस!"

त्यानं शब्द पाळला. त्या दिवाळीला बोलावणं आलं नाही, नंतरही नाही. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, "माजी आई हुती वं ती." मी खिडकीबाहेर बघत बसले. डब्यातले लोक ऐकत होते, आणि मला तिची लाज वाटत होती.

त्यानंतर तिनं तो पदर सोडलाच नाही. काही घडो, बरं किंवा वाईट, टोक दातांत. हसणं गेलं, तसं रडणंही गेलं. लढाई संपवून भाऊजी कायमचे घरी आले, तेव्हा तिनं कोरड्या डोळ्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. गाव म्हणालं, शेवंता शहाणी झाली. मीही म्हणाले, चारचौघींत, कौतुकानं. ती शहाणी झाली नव्हती, ती दबकून राहिली होती, हे एका घरात राहून मला कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण घर सुरळीत चाललं होतं.

ती गेल्यावर तिची लुगडी वाकळ शिवायला काढली. धड होती; टोकं तेवढी चावून विरलेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ आला. वेशीपासूनच मोठ्यानं रडत, "माजी भन गेली वं..." ज्या उंबऱ्यावर तो इतक्या वर्षांत आला नव्हता, त्यावर त्यानं डोकं टेकलं. आणि माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. रडू असेल असं वाटलं. ते हसू होतं. आवरेना. मी घाईनं पदर दाताखाली धरला आणि भिंतीकडं तोंड केलं. अंग गदगदत राहिलं.

शेजारच्या म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडा, आक्का, रडा. लय जीव हुता तुमचा तिच्यावर."

मी पदर सोडला नाही...