बाळंतिणीच्या खोलीला वाळ्याची ताटी

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी धारूरला आली तेव्हा वैशाख नुसता पेटला होता. मी थोरली, म्हणून तिच्या दिमतीला मलाही सासरहून बोलावून घेतलं. राज्य निजामाचं, वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून आणि घर माळवदाचं, जाड भिंतींचं, वर मातीचं छत. मातीच्या घरात उन्हाळा बाधत नाही असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमच्या बाळंतिणीच्या खोलीत एक दुपार काढावी आणि मग बोलावं.

मुलगी झाली. बहीण सुखरूप सुटली आणि लगेच आईनं खोलीच्या मागच्या खिडकीत चिंध्या कोंबून वरून शेणमाती लिंपली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हा आमच्याकडे सरकारी फर्मानाहून कडक कायदा. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी. थंडीत हे सगळं ठीक असेल. वैशाखात बहिणीला ताप चढला आणि उतरायचं नाव घेईना. ओठांना भेगा पडल्या, दूध आटलं.

"अक्का, मला वसरीत न्या की. जीव जायलाय माझा," ती म्हणायची.

"वारं शिरलं अंगात तर हातची जाईल पोरगी," आई मला दटावायची. "कावून तिचं ऐकायलीस?"

शेगडी तेवढी तिनं बाहेर काढू दिली. खिडकीचं नाव काढलं की दारात आडवी उभी राहायची. तिची स्वतःची बहीण बाळंतपणात गेली होती आणि ती वाऱ्यानं गेली असं तिला लहानपणी सांगितलेलं होतं. अशा बाईशी भांडणार तरी कसं? मी भांडले, पण उपयोग झाला नाही.

मग वडिलांना बीडची कचेरी आठवली. तिथल्या साहेबाच्या खोलीला उन्हाळ्यात वाळ्याची ताटी लावत. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवायची, ती चौकट दारात उभी करायची आणि भिस्ती तिच्यावर मशकीनं पाणी मारत राहायचा. वडील एकदा कामासाठी आत गेले होते. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत अंगावर काटा आला, हे ते कितीतरी वर्षं सांगत. त्या खोलीला मागं खिडक्या असणार आणि त्या सताड उघड्या असणार. वारा एकीकडून निघाला तरच दुसरीकडून ताटीतून गार होऊन आत येतो, हे आज मला कळतं. पण साहेबापुढं मान खाली घालून उभं राहणाऱ्याला खिडक्या कुठून दिसाव्यात!

"ताटी लावू," वडील म्हणाले. "खिडकी उघडायचं कामच न्हाई." आईला हे फार पटलं.

अत्ताराकडून वाळा आला, बुरुडानं चौकट करून दिली. पहिलं पाणी मारलं तेव्हा असा वास सुटला की बहीण हसली. त्या दिवसांत ती हसली ती तेवढीच. घटकाभरात खोलीत गरम भाकरी झाकून ठेवल्यावर टोपलीत धरते तशी घामट वाफ धरली. ती धापा टाकू लागली.

वडिलांनी ठरवलं, ताटी लहान पडली. दुसरी करवली, दारापेक्षा मोठी आणि चांगली वीतभर जाड. तिच्यातून उजेडसुद्धा येईना. आणि तिला पाणी किती लागावं! आड तळाला गेलेला. मी गढूळ घागरी ओढायची, शेजारणी आपल्या पिण्याच्या पाण्यातून तांब्या-तांब्या आणून द्यायच्या, वडील ते ताटीवर मारायचे. दिंद्रुडहून जावई आला तो ओसरीतच बसून राहिला, त्याला आत यायची मुभा नव्हती. ताटीच्या बाहेरून तो विचारायचा, "आता बरं वाटतंय का?" आतून उत्तर यायचं बंद झालं होतं.

"लई पाणी पितीय ही. अजून आणा," वडील ओरडायचे. मला त्या ताटीला काडी लावावीशी वाटायची.

एका सकाळी बहिणीनं मला ओळखलं नाही. दुपार व्हायच्या आत ती गेली. तिला बाहेर काढलं तरी वडील ताटीवर पाणी मारतच होते. शेवटी गल्लीतल्या माणसांनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्यांना धरून मसणवट्याकडे नेलं.

घरात बायका उरल्या. खोली सारवायची होती. मी खुरपं घेतलं आणि खिडकीवरचा लेप फोडला, चिंध्या ओढून बाहेर फेकल्या. माझ्या अंगात तेव्हा कुठलं बळ आलं होतं कोण जाणे. शेवटची चिंधी निघाली आणि पाठीमागून, ओल्या ताटीतून, वाऱ्याचा झोत आला. गार, पहाटेसारखा. माझे घामेजलेले दंड शहारले.

आई ताटी जराशी सरकवून आत आली. तिनं त्या वाऱ्यात हात धरला, मग तोंड धरलं.

"अगं, गार झाली की खोली," ती म्हणाली. "जा, पोरीला आत आण."

बाळ ओसरीत शेजारणीच्या मांडीवर होतं. मी त्याला आणायला वळले.

"ती न्हाई गं," आई म्हणाली. "माझी."