दोघांचं ओरडणं

माघारी तिला सगळे ठिणगी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. धाकटा भाऊ तेवढा ताई म्हणायचा, तोही जरा लांब उभा राहून. त्याचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत तो गिऱ्हाइकांना 'हसा' म्हणून सांगायचा आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ही, त्याने केलेल्या शूटिंगमधून बघण्यासारखं काहीतरी कापून काढायची. मागून "चल की मेल्या!" असं ऐकू आलं की भाऊ घाईघाईने गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुम्हाला नाही हो. बहीण आहे, कॉम्प्युटरशी बोलतेय."

लोक काहीही बोलोत, तिचा राग उगाच नव्हता. ज्याने एडिटिंगच्या सॉफ्टवेअरसमोर आयुष्य काढलेलं नाही, त्याने तिला शांत राहायला सांगू नये. सगळं सुरळीत चाललेलं असताना मध्येच पडदा हिरवाकंच. माणूस बोलतोय, पण चित्र खिळल्यासारखं थांबलेलं. ऐन शेवटच्या कापाला सॉफ्टवेअर हात वर करणार आणि मग त्या गरगर फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसायचं. अपडेट घ्यावं तर जुनं काम उघडत नाही, न घ्यावं तर नवं. दुरुस्तीवाला यायचा, बंद करून पुन्हा चालू करायचा आणि म्हणायचा, "आता बघा कसं पळतंय!" पळायचं, पण त्याची पाठ वळेपर्यंत.

म्हणून तिने आपले उपाय आपणच शोधले होते. पंख्यातली धूळ काढायची. जड फायलींच्या हलक्या प्रती करायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटी तयार फिल्म बाहेर काढताना मूळ जड फायली जोडायच्या. त्या हलक्या प्रती ती मुक्या ठेवायची, आवाज मूळ फायलींचाच वाजायचा; तेवढंच यंत्राचं ओझं कमी. आणि काहीही अडलं की पहिल्यांदा कॅशे रिकामा करायचा. कॅशे म्हणजे सॉफ्टवेअर काम करता करता स्वतःच्या सोयीसाठी जे साठवत बसतं ते सगळं गाठोडं. ते फेकलं की यंत्र पुन्हा हलायला लागतं. रागाच्या भरात तिचा हात आपोआप त्याच बटणाकडे जायचा.

हा राग वडिलांकडून आलेला. अण्णा सुतार. करवतीच्या यंत्राच्या घरघरीवरून कारागिरांना हाका मारण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे घरात मीठ मागतानाही त्यांचा आवाज शेजारी पोचायचा. त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिच्यादेखत भावाने अण्णांना खिडकीजवळ बसवलं आणि फोनवर त्यांचं बोलणं टिपून घेतलं. आता अण्णा टेबलावर ठोकून बोलत. एकदा ठोकलं म्हणजे हो. टेबल बडवलं म्हणजे राग. बडवणंच जास्त चालायचं.

रविवारी आत्या यायची होती. अण्णांची थोरली बहीण, अक्का. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच येत होती, आणि एवढ्यात तिची नजर साफ गेली होती. विचार करा. भावाला आवाज नाही, बहिणीला दृष्टी नाही. हा हातवारे करणार ते तिला दिसणार नाहीत, ती विचारणार त्याला हा उत्तर देणार नाही. मधे होतं ते एवढंच, फोनवर टिपलेलं बोलणं.

आणि नेमकं तेच शूटिंग छळत होतं. अण्णांचे ओठ पुढे पळायचे आणि शब्द मागून यायचे. आधी तिने फोनला शिव्या घातल्या, मग कारण शोधलं. फोन दर सेकंदाला सारखी चित्रं घेत नाही, मनाला येईल तशी कमीजास्त घेतो. तिने सगळं एका चालीत बसवून नव्या फायली केल्या, जुन्या काढून टाकल्या. ओठ आणि शब्द जुळले, पण फायली अशा काही जड झाल्या की यंत्राने मान टाकली. मग तिने हलक्या मुक्या प्रती केल्या आणि त्यांच्यावर काम उरकत आणलं. सुरुवातीचा गोंधळ, अण्णांची बडबड, शिव्या हे सगळं काढून टाकलं. शहाण्या माणसासारखं बोलले होते तेवढं ठेवलं.

शनिवारी दुपारी ती घरी अण्णांचं जेवण आटोपत होती, तेव्हा भावाचा फोन आला. डिस्क भरली होती आणि त्याला शाळेच्या कार्यक्रमाचं शूटिंग उतरवून घ्यायचं होतं.

"किती वेळा सांगायचं रे तुला? कॅशे रिकामा कर! तेवढं तरी जमेल ना?"

"कुठं असतो तो, ताई?"

"डोळे उघडून बघ, दिसेल!" म्हणून तिने फोन आपटला.

त्याने डोळे उघडून बघितलं. दोन फोल्डरांत तीच ती दृश्यं. एकातली लावली तर अडखळत होती, दुसऱ्यातली झरझर पळत होती. जे अडखळतं तेच अडगळ, हा हिशेब त्याने मांडला. जड फायली पुसल्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि मोकळ्या झालेल्या जागेत शाळेचा कार्यक्रम भरला. फोन तर त्याने आधीच मोकळा करून ठेवलेला.

अण्णांना बरोबर घेऊन ती स्टुडिओत आली. झालेलं काम त्यांना दाखवायचं होतं. चित्र सुरू झालं. अण्णा खिडकीजवळ बसलेले, ओठ हलताहेत, हात हलताहेत, आवाज नाही. तिने स्पीकर तपासला. वायर काढून घातली. मग मूळ फायली बघायला गेली, आणि त्या जागी काहीच नव्हतं.

"इथल्या फायली?"

"तूच म्हणालीस ना, कॅशे..."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा कॅशे आहे? अरे, अण्णांचा आवाज होता तो! शाळेतली पोरं नाचवायला अण्णांचा आवाज पुसलास? एवढी वर्षं या धंद्यात काय गवत उपटत होतास?"

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. वरून दुसरं भरलंय म्हटल्यावर तोही म्हणाला, "ताई, आता विसरा." विसरा! तुझ्या बापाचा आवाज असता तर विसरला असतास का, असं तिने त्याला विचारलं आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवला. राग सगळ्यांवर होता. भावावर होता, फोनवर होता, बंद करून चालू करणाऱ्यांवर होता आणि सगळ्यात जास्त समोरच्या त्या मख्ख पडद्यावर होता. मूळ फायली सापडेनात म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा खिळलं, आणि तिचा हात सवयीने बटणाकडे गेला. पडद्यावर उमटलं: कॅशे रिकामा करा. खात्री आहे का?

तेवढ्यात अण्णांनी टेबल बडवायला सुरुवात केली. माउसची वायर उडाली, पेला कलंडला. ते भावाकडे बोट दाखवत होते, मग तिच्याकडे, आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होते. त्यातून नुसती हवा येत होती. पोरावर ओरडू नकोस एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्यांना कॅशे काय माहीत! पण तिचा हात थांबला.

थांबला म्हणून तिचं लक्ष गेलं. त्या गाठोड्याचा आकार केवढा होता! निव्वळ फालतू तुकड्यांचा एवढा ढीग कशाला होईल? बटण सोडून तिने गाठोडंच उघडलं. आत एकेका जड फाइलच्या नावाने एकेक फाइल. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वाजवताना अडखळू नये म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक जड फाइलचा आवाज वेगळा काढून इथं ठेवतं. वाचलं होतं तिने कधीतरी. वाचून त्या फुकटच्या सोयीलाही शिव्या घातल्या होत्या. आणि हेच गाठोडं ती आजवर तावातावाने फेकत आली होती.

तिने पहिली फाइल लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिचाच, कर्कश: "अण्णा, मोठ्यानं बोला! ऐकू येत नाहीये!" आणि त्यावर कडाडून अण्णा:

"ओरडतेस कशाला गं? सवय करतेयस होय? कर, कर! उद्यापासून दोघांचं तुलाच ओरडायचंय!"

हा तुकडा तिने कापून टाकला होता. गोंधळ म्हणून.

भाऊ दाराला टेकून उभ्या उभ्या रडायला लागला. तिला रडूही आलं आणि रडू आल्याचा संतापही आला. "तिकडं काय रडतोस? स्पीकर घरी न्यायचाय, उचल!" ती म्हणाली. मग तिने हलक्या प्रतींना तो आवाज जोडला, सगळाच्या सगळा, बडबडीसकट. चित्र अंधूक राहिलं. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिला चित्र दिसणारच नव्हतं.

रविवारी आत्या अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती. पहिल्याच आरोळीला हसली. संपल्यावर तिने चाचपडत अण्णांचा हात धरला.

"काय रे, बोल ना आणखी," ती म्हणाली आणि रडायला लागली. "कसा बोलशील आता? गेला रे माझा भाऊ."

अण्णांनी खुर्ची बडवायला सुरुवात केली. चेहरा लालबुंद झाला होता.

"काय करतोय हा? काय म्हणतोय?" आत्याने विचारलं.

भाऊ ताईकडे बघायला लागला. ती उठली, आत्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडली:

"अक्के! रडायचं असेल तर घरी जाऊन रड! मी अजून मेलेलो नाही!"

आत्याचं रडणं जागच्या जागी थांबलं. अण्णांनी ठिणगीकडे बघितलं आणि खुर्चीच्या हातावर एकदाच ठोकलं.