वहिनींच्या टेबलावरची रात्र

दादाचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत मेथीची जुडी हुंगत उभी होते. "तुझी वहिनी गेली गं," एवढंच तो म्हणाला... आणि बोटांना लागलेला तो ओला, कडसर वास त्या बातमीचाच होऊन राहिला. महिना उलटला, तरी मेथी घरात आणवत नाही.

सुमनवहिनी मूळच्या कळंबच्या. वालचंदनगरला गणित शिकवत. समुद्र त्यांनी क्वचितच पाहिला असेल, पण साखर कारखान्याच्या क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरून त्या आरमारी लढाई मांडत. बोटभर लाकडी नौका, फासे, अंतर मोजायला सुतळी. लढाई नेहमी रात्रीची आणि खेळायची मात्र भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या टाकून, मळीचा गोड-आंबूस वास आत येत असताना. अंधार म्हणजे काळी बटणं. प्रत्येक नौकेऐवजी, किनाऱ्यावरच्या प्रत्येक तोफेऐवजी एक पालथं बटण, आणि काही बटणं नुसती हुलकावणीची. शत्रू शोधायचा तर आपल्या नौकेपुढे पिवळ्या कागदाचा त्रिकोण ठेवायचा, तो सर्चलाइट. झोतात सापडेल ते उघडं पडे, पण झोत टाकणारी नौकाही टेबलाच्या टोकापर्यंत साऱ्यांना दिसे, आणि लपलेल्या शत्रूला तिच्यावर पहिला मारा करता येई. हा नियम वहिनींचा स्वतःचा. माहेरी रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देताना हातातल्या बॅटरीच्या झोतात त्यांना एकच सरी दिसायची. त्या मात्र चार बांधांपलीकडून दिसायच्या...

असे युद्धखेळ खेळणारी पुण्याची हौशी मंडळी एका रविवारी ही नियमावली पारखायला आली. पसंत पडली तर त्यांचे सारे सामने पुढे तिच्यावरच होणार होते. वहिनींनी सकाळपासून चादरीची एक सुरकुती राहू दिली नव्हती. त्यांच्यातला, वहिनींसमोर खेळायला बसलेला किरण मात्र चिडला. "मॅडम, हा नियम काढाच. दिवा लावणाराच मरतो यात."

"मग बसा की अंधारात. कोण नको म्हणतंय?"

किरणचं रसदीचं जहाज बुडवलं की वहिनी जिंकणार होत्या. त्यांची एकच नौका उरली होती. त्यांनी त्रिकोण ठेवला, बटण उलटलं... जहाज नेमकं तिथंच! किरणनं कपाळाला हात लावला. फासा वहिनींच्या मुठीत खुळखुळला आणि थांबला.

"किरणराव, आधी तुमी. किनाऱ्यावर तोफ असंल, तर तिला मी दिसते आता."

"अगं, त्याला कशाला सांगतेस?" दादा ओरडलाच.

"नियम माझा हाय. मलाच लागू न्हाय, तर कुणाला व्हायचा?"

तोफ होती. नौका बुडाली. किरण तोफेचं ते बटण बोटांत फिरवत राहिला, मग हळूच म्हणाला, "राहू द्या मॅडम. नियम आहे तसाच राहू द्या." आज पुण्यात तो तसाच खेळला जातो. मी आयुष्यभर कवितेत उजेड-अंधार मांडत आले; इतक्या नेमकेपणानं मला ते कधी मांडता आले नाहीत.

परवा वालचंदनगरला गेले. दादा ओट्याशी उभा राहूनच जेवतो. टेबलावर निळी चादर तशीच आहे, त्या दोघांचा अर्धा डावही. "वहिनीच्या बाजूनं खेळ," तो म्हणाला. खिडकीतून ऊन थेट समुद्रावर आलं होतं. मी पिवळा त्रिकोण उचलला, कडा बोटांनी मऊ झालेला, आणि वहिनींच्या नौकेपुढे ठेवला.

"अगं, ती सगळ्यांना दिसेल आता."

"दिसू दे, दादा."